मावशी, अजिंठ्याला एसी नको

तो मेसेज तीन ग्रुपवर येऊन गेला होता, मी सोडून दिला. काल जळगावच्या मावशीने पाठवला, खाली "अगं, हे खरंय का?" आता गप्प बसवत नाही.

मेसेज म्हणतो: अजिंठ्याची चित्रं दोन हजार वर्षं आपोआप टिकली, श्वासाने ती खराब होतात हे थोतांड आहे, वाट लावली ती इटालियन लोकांनी मुद्दाम, आणि लेण्यांत एसी बसवले की प्रश्न मिटला.

दोन हजार वर्षं जुनी चित्रं फक्त 9 आणि 10 नंबरच्या लेण्यांत. त्यातली किती उरलीत ते जाऊन बघा. पद्मपाणी बोधिसत्त्वाचं प्रसिद्ध चित्र आहे ते 1 नंबरचं लेणं पाचव्या शतकातलं. मधली हजारेक वर्षं तिथे वटवाघळांशिवाय फारसं कुणी नव्हतं. 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी पोचला आणि 10 नंबरमध्ये स्वतःचं नाव कोरून आला!

इटालियनांचं अर्धं खरं आहे, मान्य. 1920 च्या सुमारास निजामाने चेक्कोनी आणि ओर्सिनी यांना बोलावलं. त्यांनी दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला, चित्रं काळवंडली. पण सुटत चाललेला गिलावाही त्यांनीच धरून ठेवला. "मुद्दाम" कुठून आलं?

आता एसी. ही चित्रं दगडावर नाहीत, मातीच्या लिंपणावर आहेत. त्यात भुसा, गवत, वर चुन्याचा हात. अशी माती ओल धरली की फुगते, सुकली की आक्रसते. मावशी, माडीवर कुलर लावल्यापासून तुझ्या मातीच्या भिंतीचे पोपडे निघायला लागले, विसरलीस? सकाळी एसी सुरू, संध्याकाळी बंद, मधे वीज गेली: रोज तोच खेळ. तिथे पोपडा निघाला तर बोधिसत्त्वाचा गाल जाईल.

श्वास थोतांड? उभा माणूससुद्धा जुन्या 100 वॅटच्या बल्बइतकी उष्णता सोडतो, वर वाफ. ऑगस्टमध्ये गार पावसातून 1 नंबरमध्ये शिरले, आत ओल्या रेनकोटांची गर्दी, आणि माझा चष्मा धुकटला. ती वाफ भिंतीलाही लागतेच की.

फ्रान्समधल्या लास्को गुहेत, जिथे आदिमानवाने काढलेली चित्रं आहेत, हे सगळं होऊन गेलंय. 1948 ला लोकांना खुली केली, दिवसाला हजाराच्या वर माणसं. भिंतींवर हिरवं शेवाळ, पांढरे क्षार. 1963 ला बंद करावी लागली. पुढे हवा सांभाळायला नवी यंत्रणा बसवली, आणि ते काम झाल्यावर 2001 मध्ये आत पांढरी बुरशी पसरली. जमिनीवर कळीचा चुना पसरला, औषधं लावली, तरी काही वर्षांनी काळे डाग आलेच. लोक आता प्रतिकृती बघतात. यंत्र आणि पैसा दोन्ही असलेल्या देशाची ही गत, आणि आपण म्हणे दीड टनाचा स्प्लिट लावू.

मावशी, मेसेज ग्रुपवरून काढ. दिवाळीनंतर आपण दोघी जाऊ, सोमवार सोडून. सोमवारी लेणी बंद असतात.