आहार बाळाचा, ओटीपी मुंबईत

दीड वर्षाच्या मुलीच्या आहाराचे पाकीट मिळण्यासाठी तिच्या आईचा चेहरा मोबाइलच्या कॅमेऱ्याशी जुळला पाहिजे, असा नियम ज्यांनी केला, त्यांनी भर आषाढात राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीवर येऊन तो स्वतः पाळून दाखवावा. 1 जुलै 2025 पासून गरोदर आणि स्तनदा माता, तसेच सहा महिने ते तीन वर्षे वयाची बालके यांचा अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅपवर चेहऱ्याची ओळख पटल्याशिवाय द्यायचा नाही, असे केंद्र सरकारचे फर्मान आहे. आधी आधारची पडताळणी, त्यासाठी ओटीपी, मग कॅमेऱ्यासमोर चेहरा, आणि हे सगळे जुळलेच तर पाकीट!

कोकणातली घरे कशी चालतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यातली मेख सांगावी लागत नाही. आधारला जोडलेला क्रमांक बहुतेक घरांत कर्त्या पुरुषाचा असतो, आणि तो पुरुष मुंबईत असतो. माझा मुलगा भांडुपला एका कारखान्यात पाळीवर जातो, तिथे कामाच्या वेळी मोबाइल आत नेऊ देत नाहीत. म्हणजे ओटीपी तिकडे त्याच्या कपाटात येणार, मुदत संपून बाद होणार, आणि इकडे माझी सून नातीला कडेवर घेऊन अंगणवाडीच्या पडवीत ताटकळणार. क्रमांक बदलून घ्या, असा सल्ला वरून येतो. सल्ला द्यायला काय जाते? आधार केंद्र तालुक्याच्या गावी, एसटी ठरावीक वेळेची, त्या दिवसाचा काजूच्या कारखान्यातला रोज बुडालेला, आणि एवढे करून पोहोचल्यावर ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे ऐकायचे.

बरे, ओटीपीचे गंगेत घोडे न्हाले, तरी पुढे रेंजचा प्रश्न उरतोच. आमची वाडी खाडीच्या अंगाला उतारावर आहे, रेंज मिळते ती सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर. पावसात वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो. सेविकाताई बिचाऱ्या आयांना घेऊन सड्यावर चढतात आणि छत्रीखाली एकेकीचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरतात. काही जणींचा जुळतो, काहींचा जुळत नाही, कारण आधारवरचा फोटो लग्नाआधीचा असतो आणि समोर उभी असते ती बाळंतपणाने खंगलेली बाई. जिचा चेहरा सुकू नये म्हणून ही योजना आहे, तिची ओळख चेहरा सुकला म्हणून पटत नाही, याचा राग कोणावर काढायचा? सेविकाताईंवर तर मुळीच नाही. 2021 मध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले होते, तेव्हाच कोणी शहाण्याने धडा घ्यायला हवा होता.

हे सगळे कशासाठी, तर म्हणे गळती थांबावी म्हणून. गळती कुठे होते हे सर्वोच्च न्यायालयाने केव्हाच दाखवून दिले आहे. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, असा आदेश त्याने 2004 मध्ये दिला होता, तरीही 2019 मध्ये त्याच न्यायालयाला महाराष्ट्राच्या पोषण आहाराच्या निविदा रद्द कराव्या लागल्या, कारण त्यांतल्या अटी महिला बचत गटांना बाहेर ठेवून मोठ्या पुरवठादारांच्या सोयीच्या होत्या. खोट सापडली निविदेत, आणि संशय मात्र कडेवर मूल घेतलेल्या आईवर!

आणि ज्या आहारावर एवढा पहारा आहे, त्याची किंमत तरी किती असावी? 2017 मध्ये बालकामागे दिवसाला 8 रुपये असा दर ठरला आणि महागाई कुठल्या कुठे गेली तरी तो वर्षानुवर्षे तसाच राहिला. आठ रुपयांत आमच्या बाजारात एक अंडे येते न येते. मातृत्व लाभाचीही तीच तऱ्हा आहे. 2013 चा अन्न सुरक्षा कायदा किमान 6,000 रुपये द्या म्हणतो, आणि मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी हाती पडतात 5,000. कायद्यात लिहिलेले पैसे कापताना कोणाचा चेहरा तपासला गेला नाही.

त्याच कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला आहे. आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या आधार निकालात बजावले आहे. मग आईच्या आधारचा ओटीपी आला नाही म्हणून मुलाचे पाकीट अडवायचे, ही पळवाट कोणाच्या डोक्यातून निघाली? वाडीतल्या प्रत्येक मुलाला सेविकाताई नावाने, वजनाने आणि लसीच्या तारखेने ओळखतात. यंत्र अडले तर त्यांनी रजिस्टरवर आजीची किंवा आईची सही घेऊन पाकीट त्याच दिवशी द्यावे, असा लेखी आदेश निघाला पाहिजे, आणि तो साहेबांच्या तोंडी आश्वासनावर न ठेवता अंगणवाडीच्या भिंतीवर मराठीत लावला पाहिजे. नाहीतर अ‍ॅपमध्ये माझ्या नातीच्या नावापुढे ‘आहार घेतला नाही’ अशी नोंद राहील, आणि उद्या तीच नोंद दाखवून कोकणातल्या बायकांना आहार नकोच आहे, असे सांगायला हे लोक मागेपुढे पाहणार नाहीत.