पान बाजूक पळता

मोबाईलवर पेज वर-खाली सरकतं, त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. तेच आडवं सरकायला लागलं की कटकट सुरू होते. अंगठा जरा तिरका पडला की अख्खं पेज डावीकडे जातं, उजव्या हाताला एक पांढरी पट्टी उघडी पडते आणि त्या पट्टीत काहीही नसतं. ती कोणी मुद्दाम ठेवलेली नसते, कोणाला हवीही नसते, तरी असतेच. ही पट्टी घालवण्याचे मला पैसे मिळतात. म्हणजे मिळायला हवेत.

मी देवबागला बसून वेबसाईटी करतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि मध्ये उरलेल्या वाळूवर माड, घरं आणि पर्यटक. निवास-न्याहारीचा बोर्ड लावला की पुढची पायरी वेबसाईट. काकी त्या पायरीवर उभ्या आहेत. काकी काही माझ्या सख्ख्या नव्हेत, पण वाडीत ज्यांच्या हातचे वडे खाल्ले त्यांना दुसरं काय म्हणणार?

साईट तपासायचं काम काकींनी स्वतःहून वाटून दिलं. त्यांचा फोन, सुनेचा फोन, डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होडीवाल्याचा फोन, आणि मुंबईला कुठल्याशा ऑफिसात असलेला भाचा. बिघाड एकच, पण वर्णनं चार. काकी म्हणाल्या, "झिला, पान बाजूक पळता रे." सून म्हणाली, कापलं जातं. होडीवाल्याने शांतपणे निदान केलं, "कलंडता." भाच्याने स्क्रीनशॉट पाठवला, त्यात त्याच्या बॅटरीचा टक्का तेवढा स्पष्ट दिसत होता.

ईथन मार्कॉट या वेब डिझायनरने २०१० साली 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाईन' (पडद्याप्रमाणे बदलणारी मांडणी) हे नाव रूढ केलं तेव्हा तीन गोष्टी सांगितल्या होत्या: लवचीक ग्रिड, लवचीक चित्रं आणि मीडिया क्वेऱ्या, म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणे बदलणारे नियम. तिन्ही मी इमानेइतबारे वापरतो. फोनची खरी रुंदी धरायला सांगणारा व्ह्यूपोर्टचा टॅगही असतो, नाहीतर आयफोनसारखा फोन पेज ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून चालतो आणि अक्षरं मुंगीएवढी करून दाखवतो. एवढं सगळं असून पेज पळतं, कारण मार्कॉटला माशांच्या दरांचं कोष्टक कोणी दिलं नव्हतं.

ते कोष्टक नंतर. आधी चोर शोधावा लागतो. त्यासाठी पेजवरच्या प्रत्येक डब्याला लाल रेघ मारायची: सीएसएसमध्ये, म्हणजे पेज कसं दिसावं ते सांगणाऱ्या भाषेत, 'सगळ्यांना' या अर्थाचं तारांकन टाकायचं, आणि आउटलाइन एक पिक्सेल, सॉलिड, रेड. बॉर्डर नव्हे हं, आउटलाइनच. बॉर्डर स्वतः जागा खाते आणि तपासाच्या नावाखाली मांडणी आणखी बिघडवते. आउटलाइन कोणाच्या अध्यातमध्यात नसते.

मी पडवीत बसून रेघा मारल्या आणि तेवढ्यात काकी चहा घेऊन आल्या. स्क्रीनकडे बघून कप तसाच हातात राहिला.

"ही कोणाची पत्रिका रे? मंगळ आसा?"

खरोखर पत्रिकाच दिसत होती. घरात घर, त्यात आणखी घर, आणि तीन घरं सरळ चौकटीबाहेर गेलेली. तेच तिघे ग्रह वक्री होते.

पहिला ग्रह म्हणजे दरांचं कोष्टक. मासा, थाळी, नुसती तुकडी, जादा वडे, हंगाम आणि शेवटी शेरा. शेऱ्यात काकींनी स्वतः मजकूर सांगितला होता: 'वारा सुटला तर मिळणार नाही', 'आधी फोन करणे', आणि तिसऱ्यापुढे नुसतं 'बघू'. ३६० पिक्सेलच्या फोनवर सहा रकाने मावत नाहीत. कोष्टक आतल्या मजकुरापेक्षा लहान होत नाही, ते सरळ पेजच्या बाहेर पाय पसरतं आणि त्याच्या मागून पेजही ओढलं जातं. शेऱ्याचा रकाना काढू का, असं मी एकदा विचारून बघितलं. काकींचं उत्तर असं की दर बदलतील, पण शेरे तेच राहतील. मग कोष्टकाभोवती एक डबा केला आणि त्या डब्याला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो दिलं, म्हणजे आडवं मावलं नाही तर आतल्या आत सरकायचं. आता कोष्टक आपल्या डब्यातल्या डब्यात सरकतं.

"मगे सरकताच ना तां?" काकी.

"सरकतं, काकी. पण एकटंच सरकतं. पेजला सोबत नेत नाही."

हे त्यांना पटलं. सरकायला बंदी नाही, सगळ्या घरादाराला घेऊन सरकायला आहे.

दुसरा ग्रह ई-मेलचा पत्ता. घराचं नाव, आजेसासऱ्यांचं नाव, वाडी आणि गाव, सगळं सलग. मध्ये जागा नाही, त्यामुळे ब्राउझर ते कुठे तोडायला धजत नाही. आता कोणीही सांगेल की ओव्हरफ्लो-रॅप ब्रेक-वर्ड द्या, म्हणजे लांब शब्द तोडायची परवानगी. दिलं की. पण तो पत्ता फ्लेक्सच्या, म्हणजे डबे शेजारी-शेजारी मांडणाऱ्या ओळीत बसला होता, आणि फ्लेक्समधल्या डब्याची किमान रुंदी मुळात ऑटो असते. म्हणजे आतल्या सगळ्यात लांब शब्दापेक्षा अरुंद व्हायला तो तयारच नसतो, आणि ब्रेक-वर्ड लिहिलेलं असलं तरी ती लांबी मोजताना शब्द अखंडच धरला जातो. त्याला मिन-विड्थ शून्य असं स्पष्ट लिहून द्यावं लागतं, नाहीतर ब्रेक-वर्डच्या जागी एनीव्हेअर. एवढ्याशा ओळीसाठी मी किती माणसांना अर्ध्या रात्री जागताना पाहिलंय! पत्ता लहान करावा हे काकींना सुचवण्यात अर्थ नव्हता. त्यातून आजेसासरे वगळण्याची हिंमत त्या घरात कोणाचीच नाही.

तिसरा नकाशा. चिकटवायला मिळतो तोच मुळी ६०० पिक्सेल रुंद. त्याला मॅक्स-विड्थ शंभर टक्के दिलं, गप्प बसला.

या सगळ्याला मुंबईच्या भाच्याकडे एक रामबाण उपाय होता. "बाहेरच्या रॅपरला ओव्हरफ्लो-एक्स हिडन दे, विषय संपला." रॅपर म्हणजे सगळं पेज गुंडाळणारा डबा, आणि हिडन म्हणजे बाहेर येईल ते लपव. हा उपाय सर्रास वापरला जातो आणि मला तो अजिबात आवडत नाही. पट्टी जाते हे खरं, पण बाहेर आलेला मजकूर आत येत नाही, कापला जातो. कोष्टकाला डबा मिळायच्या आधी मी त्याच्या समाधानासाठी हे करून दाखवलं, तर पापलेटचा दर दिसेनासा झाला, आणि बोट फिरवून बघायचीही सोय उरली नाही. वर डोक्याला चिकटून राहणारा मेनू, ज्याला आम्ही स्टिकी म्हणतो, तोही पेजबरोबर वर निघून गेला. कारण आडव्या दिशेला हिडन दिलं की उभ्या दिशेला आपोआप ऑटो लागतं, रॅपर स्वतःच सरकणारा डबा ठरतो, आणि स्टिकी मेनू त्या डब्याला चिकटतो. डबा काही आतल्या आत सरकत नाही, त्यामुळे मेनूही नुसता बसून राहतो. अगदीच कापायचं झालं तर हिडनऐवजी क्लिप वापरावं, त्याने सरकणारा डबा तयार होत नाही. भाच्याला हे सगळं समजावलं. तो म्हणाला, "म्हणजे माझंच बरोबर होतं, शब्द फक्त वेगळा."

त्याच्या ऑफिसातल्या विंडोजवर मात्र पट्टी अजून होतीच, आणि तिथे त्याचा आवाज चढला. फोनवर स्क्रोलबार वरच्यावर तरंगतो, जागा घेत नाही. विंडोजवर तो साधारण १५-१७ पिक्सेल खातो. थीममध्ये, म्हणजे साईटच्या तयार साच्यात, वरच्या फोटोची रुंदी १०० व्हीडब्ल्यू म्हणजे पडद्याची पूर्ण रुंदी होती, आणि व्हीडब्ल्यू मोजताना स्क्रोलबारखालची जागाही हिशेबात धरतात. तेवढंच पेज बाहेर आलं. साधं शंभर टक्के लिहिलं, भाचा हिरमुसला.

खरं दुखणं निघालं ते उभ्या मापाचं. पहिल्या पडद्यावर समुद्राचा फोटो आणि तळाला 'खोली बुक करा' हे बटण. उंची १०० व्हीएच, म्हणजे पूर्ण पडदा. काकींच्या फोनवर बटणच नाही.

"बटण खंय गेला?"

"खाली आहे, काकी. जरा वर सरकवा."

"पावणो सरकवतलो? तो शेजारी जातलो."

या एका वाक्यात काकींनी युजर एक्सपिरियन्सचा सगळा अभ्यासक्रम आटोपला. मोबाईलचे ब्राउझर १०० व्हीएच मोजताना त्यांची पत्त्याची पट्टी (अ‍ॅड्रेस बार) दडलेली आहे असं धरतात. पेज उघडतं तेव्हा ती पट्टी दडलेली नसते, टेचात उभी असते, आणि तिच्याएवढा तळाचा भाग पडद्याबाहेर जातो. २०२२ पासून मोठ्या ब्राउझरांमध्ये यासाठी वेगळी मापं आली: एसव्हीएच म्हणजे पट्टी दिसत असतानाची उंची, एलव्हीएच म्हणजे ती दडल्यावरची, आणि डीव्हीएच म्हणजे त्या क्षणी असेल तेवढी. डीव्हीएच ऐकायला फार गोड, पण पट्टी आत-बाहेर करते तसा फोटोही लहान-मोठा होतो आणि खालचा मजकूर दचकतो. मी एसव्हीएच लावतो. तळाला थोडा मजकूर डोकावला तर डोकावू दे, बटण दिसलं पाहिजे.

थीम रोमन अक्षरांसाठी बेतलेली होती, तेव्हा मथळ्यांची लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, एक. त्यात वर हिडन. 'पापलेट'ची मात्रा उडून सगळ्या फोनांवर 'पापलट' झालं. हे मात्र कोणीच कळवलं नाही. होडीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "कळला की माका." लाइन-हाइट दीड केली.

पेज आता सरळ उभं आहे. पण आंब्याचे दिवस आले आणि काकींना हवेत पेजवर वरून पडणारे आंबे. यात धोका असा की आंबा पेजच्या तळाखाली गेला की पेज तेवढं लांब होतं, आणि आंबे पडत राहिले तर पेज वाढत जातं. म्हणून सगळे आंबे एका पोझिशन फिक्स्ड, म्हणजे पडद्यावर जागच्या जागी राहणाऱ्या डब्यात कोंडले, डब्याला हिडन दिलं (इथे ते चालतं, आंब्यावर दर लिहिलेला नाही), आणि पॉइंटर-इव्हेंट्स नन, नाहीतर बुक करायला जावं तर बोट आंब्यावर पडायचं. काकींनी बघितलं. आंबे पडतात, खाली जातात, दिसेनासे होतात.

"पडलेलो आंबो खंय गेलो? कोणी चोरल्यान?"

आता तळाला आंब्यांचा ढीग साठला पाहिजे असं ठरलंय. ढीग वाढला की 'खोली बुक करा' त्याच्याखाली जाणार, हे मी त्यांना अजून बोललेलो नाही.