पॉलिश काँक्रीटवरचे आक्षेप आणि त्यांची उत्तरे

कारखानदार आणि गोदाममालकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्यात म्हटले आहे की जमिनीचे पॉलिश केलेले काँक्रीट म्हणजे वरवरची चकाकी, त्याची धूळ थांबत नाही, त्यावर माणसे घसरतात, त्याला तडे जातात; म्हणून औद्योगिक इमारतीत जमिनीवर इपॉक्सीच, म्हणजे रेझिनचा लेपच, करावी. तो वाचून चांगल्या जमिनींवर अकारण थर चढवले जात आहेत, हे पाहवत नाही म्हणून हे उत्तर.

पहिला आक्षेप चकाकीचा. ही चकाकी कोणी वरून लावत नाही. हिऱ्याच्या कणांचे दात बसवलेले यंत्र 30 किंवा 40 ग्रिटपासून घासायला सुरुवात करते आणि 80, 120, 200, 400 असे पुढे बारीक होत जाते. मधल्या टप्प्यावर लिथियम किंवा सोडियम सिलिकेटचे द्रावण जमिनीत मुरवतात. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना जो चुना मोकळा राहतो, त्याच्याशी या द्रावणाची अभिक्रिया होऊन कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होते, म्हणजे ज्या पदार्थामुळे मुळात काँक्रीटला बळ येते तोच पदार्थ वरच्या छिद्रांत भरला जातो. सुटून येईल असा थरच इथे नसतो.

धुळीचे उत्तर यातच आहे. ट्रिमिक्स करताना, म्हणजे ओल्या काँक्रीटमधले जादा पाणी निर्वात पंपाने ओढून जमीन घोटताना, मिश्रणात पाणी जास्त पडले, किंवा घोटाई लवकर उरकावी म्हणून ओल्या पृष्ठभागावर कोरे सिमेंट भुरभुरले, की वरचा पापुद्रा कच्चा राहतो आणि पॅलेट ट्रकच्या चाकांखाली त्याचीच भुकटी होते. नाण्याने ओरखडा काढला तर पांढरी रेघ उठते, तीच ही साय. घासाईत ती निघून जाते आणि खालचे पक्के काँक्रीट उघडे पडते. बाहेरून येणारी धूळ पुसावी लागणारच. ती कोणत्याही जमिनीवर लागते.

इपॉक्सीविषयी मात्र त्या मजकुरात एक गोष्ट दडवलेली आहे. जमिनीखाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला नसेल, तर पावसाळ्यात ओल वर चढते आणि इपॉक्सीचा थर तिला बाहेर पडू देत नाही. भिवंडीच्या एका गोदामात मी गणपतीनंतर असे फुगे पाहिले आहेत. किल्लीच्या टोकाने एक फोडला, तर आतून चिकट पाणी आले. पॉलिश काँक्रीटमधून ही वाफ निघून जाते.

घसरण्याचा प्रश्न गंभीर आहे, पण माणूस घसरतो तो बहुधा जमिनीवरच्या पाण्यामुळे किंवा तेलामुळे. ब्रिटनमध्ये लोलकाच्या उपकरणाने ओल्या जमिनीचे घर्षण मोजतात आणि आकडा 36 किंवा त्याहून अधिक असेल तर घसरण्याची शक्यता कमी मानतात. लोडिंग बेसारख्या ओल्या राहणाऱ्या जागी अशी चाचणी घ्यावी आणि 400 ग्रिटच्या आसपास थांबावे. तिथे 3000 ग्रिटच्या आरशाचा हट्ट कशाला?

तडे काँक्रीट आकसल्याने जातात, आणि तेच तडे इपॉक्सीतूनही वर उमटतात. उपाय आधीच करायचा असतो: 150 मिमी जाडीच्या जमिनीत पहिल्या 24 तासांच्या आत कटरने सुमारे 38 मिमी खोल सरळ खाचा मारणे, म्हणजे तडा खाचेतच जातो, आणि काँक्रीटचे भारतीय मानक आयएस 456 सांगते त्याप्रमाणे साध्या सिमेंटला किमान 7, फ्लाय ॲशच्या सिमेंटला किमान 10 दिवस पाणी मारणे. आळी बांधून पाणी साठवायला दोन मजूर पुरतात, आणि नेमकी तिथेच काटकसर होते.

खरा आक्षेप त्या मजकुरात आलेलाच नाही. काँक्रीटला आम्ल सोसत नाही. लिंबाचा थेंब पॉलिशवर टाकून पाहा. बारीक फेस येतो आणि पुसल्यावर तिथे निस्तेज डाग राहतो. त्यामुळे दुग्धालय, प्लेटिंगचा विभाग किंवा बॅटरी चार्जिंगची खोली इथे ते करू नये, आणि सफाई कामगारांच्या हातात संडासाचे ॲसिड तर मुळीच देऊ नये. अशा खोल्यांना आम्ल सोसणारे लेपन लावावे, आणि त्याच छपराखालच्या भांडाराला पॉलिश ठेवावे.