बासरीला भोकं असतातच की

"ताई, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

उजेड माझ्या हातातल्या टॉर्चचा होता. तो कसा अडेल, हे मला अजून कळलेलं नाही. पण मी झाले बाजूला. प्लंबरच्या आवाजातच असं काही असतं की घरमालकीण आपोआप पाहुणी होते.

प्रकरण असं: वरच्या मजल्यावर बाथरूम करायचं होतं आणि वरची जमीन लाकडी. फळ्या उचलल्या की खाली ओळीनं कड्या, म्हणजे फळ्या पेलणारे आडवे लाकडी वासे; प्रत्येक कडी आठ इंच उंच, दोन कड्यांत सव्वा फूट अंतर. सांडपाण्याचा पाईप या कड्यांना आडवा ओलांडून भिंतीपर्यंत न्यायचा. बस.

मी आधी वाचून ठेवलं होतं. हाच माझा गुन्हा. नुसतं वाचलं नव्हतं, कागदावर आकृती काढली होती, मापं लिहिली होती. प्लंबरनं कागद हातात घेतला, पाहिला, उलटा केला, मागे काही नाही याची खात्री करून घेतली आणि जमिनीवर पसरून त्यावर पाईप चिकटवायच्या सोल्यूशनचा ब्रश ठेवला. कडीच्या बरोबर मधोमध काढलेल्या माझ्या गोलावर सोल्यूशनचा ओघळ गेला.

त्या गोलात काय होतं ते निदान इथं तरी सांगू द्या, तिथं कोणी ऐकलं नाही. कडीवर वजन आलं की तिची वरची कड दाबली जाते आणि खालची ताणली जाते. मधोमध ना दाब, ना ताण. म्हणून भोक पाडायचं ते मध्यावर. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमावलीत याची मापंच दिलेली आहेत: भोक कडीच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून मोठं नको आणि वरच्या-खालच्या कडेपासून किमान दोन इंच आत हवं. कडेला खाच घ्यायचीच असेल, तर ती उंचीच्या एक षष्ठांशाहून खोल नको, आणि कडीच्या लांबीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात तर मुळीच नको. माझ्या आठ इंची कडीत मधोमध सव्वादोन इंचाचं भोक पाडलं, तर त्या जागी कडकपणा जेमतेम 2 टक्क्यांनी उतरतो. तेवढ्याच पाईपसाठी वरून सव्वादोन इंचाची खाच घेतली, तर तिथं उरतो 37 टक्के आणि ताकद राहते निम्मी. खाचेच्या कोपऱ्यातून लाकूड चिरत जातं ते वेगळंच. पाईप तोच आणि लाकूडही तेच. फरक पडतो तो कुठं कापलं याचा.

"ताई, लाकूड म्हणजे लाकूड," प्लंबर म्हणाला.

त्याची अडचण खोटी नव्हती. सरळ, अखंड पाईप भोकांच्या ओळीतून ओवायचा, तर एका टोकाला पाईपाएवढी मोकळी जागा हवी. तिथं होती भिंत. म्हणजे छोटे तुकडे करा, प्रत्येक जोडाला कपलिंग लावा, आडवं बसून तिरपं ड्रिल चालवा. त्यापेक्षा वरून खाच मारली की पाईप अलगद आत ठेवता येतो, ते सोपं. काम सोपं व्हावं असं कोणाला वाटत नाही? पण ते सोपं झालं की अवघड कोणाला जातं, हे कधी बोललं जात नाही.

एवढ्यात काका आले.

शेजारचे काका. कुठंही ड्रिलचा आवाज आला की ते येतात. बोलावणं लागत नाही. हात पाठीमागे बांधून दारात उभे राहिले, मग उघड्या कड्यांवर वाकले, बोटाच्या पेरानं एक कडी ठोठावली आणि कान देऊन ऐकलं. पुन्हा ठोठावली. प्लंबरही थांबला. दोघं माना डोलावू लागले. कडी काय म्हणाली ते मला कोणी सांगितलं नाही.

"जुनं लाकूड आहे," काका म्हणाले. "याला काही होत नाही."

"काका, वरून खाचा घेतल्या की होतं. मधून भोक पाडा म्हणतेय मी."

"मग पाडा की भोक! भोकाला काय घाबरायचं? लाकूड श्वास घेतं. भोक पाडलं की मोकळं होतं."

"भोकाला मी घाबरत नाहीये, मी भोकच मागतेय."

"अगं, बासरी घे," काका आता उभे राहिले. याचा अर्थ विषय लांबणार. "बासरीला किती भोकं असतात? सहा, सात. एवढीशी ती नळी. मोडली का कधी?"

"बासरीवर कोणी कमोड बसवत नाही, काका."

प्लंबर हसला. मला वाटलं, माझ्या बाजूनं हसला. तो म्हणाला, "काकांचं बरोबर आहे. वाजवणाऱ्याच्या हातात असतं सगळं."

"पण तुम्ही भोक नाही, खाच मारताय!"

"तीच गोष्ट आहे," काका म्हणाले. "खाच म्हणजे एका बाजूनं उघडं भोक."

या वाक्याला उत्तर नाही. मी शोधलं. रात्री अंथरुणात पडल्यावरसुद्धा शोधलं. ते इतकं बरोबर आणि इतकं निरुपयोगी आहे की ते कोरून बाथरूमच्या दारावर लावावं.

दुसऱ्याचं काम बघत उभं राहणाऱ्या माणसाचा आत्मविश्वास ही अजब चीज आहे. काम करणाऱ्याला शंका येतात, पैसे देणाऱ्याला तर येतातच, बघणाऱ्याला कधी येत नाहीत. छत कोसळलं तरी तो "मला वाटलंच होतं" म्हणायला मोकळा. बरं, काकांचं स्वतःचं बाथरूम तळमजल्यावर आहे. खाली माती.

बासरीवरची चर्चा संपेपर्यंत प्लंबरनं पहिली खाच मारून दुसरी घेतली होती, आणि तिसरीत करवत होती. आता गंमत बघा. सांडपाण्याच्या पाईपाला ढाळ हवा, फुटाला दोन सूत (आठ सूत म्हणजे एक इंच). म्हणजे सव्वा फुटावरच्या पुढच्या कडीत पाईप अडीच सूत खाली. भोकं असती तर ती हळूहळू खाली सरकली असती, आणि दोन्ही कडांचे दोन-दोन इंच राखून सहा कड्या पार झाल्या असत्या. खाच मात्र प्रत्येक कडीत अधिक खोल जाते. तिसऱ्या कडीत पाच इंच आणि एक सूत लाकूड उरलं, म्हणजे ताकद चाळीस टक्क्यांच्या आसपास. शिवाय पाईप आता फळ्यांच्या अगदी खाली. फळी ठोकताना एक खिळा चुकला की संपलं. त्यावर लोखंडी पट्टी मारायची असते, हे मी म्हणाले.

"साहेब कधी येतात?" प्लंबरनं विचारलं.

साहेब आले. त्यांनी कड्या पाहिल्या, पाईप पाहिला, पाणसळ लावून ढाळ पाहिला आणि म्हणाले, "ढाळ मस्त मिळालाय." मी जेवले नाही.

कमोडचा पाईप तेवढा वाचला. तो 110 मिलिमीटरचा. तो कडीतून न्यायचा तर कडी तेरा इंच उंच हवी. प्लंबरचीही हिंमत झाली नाही. तो दोन कड्यांच्या मधून, त्यांना समांतर गेला, जसा माझ्या कागदावर होता तसाच. "हे मला सुचलं," असं त्यानं काकांना सांगितलं.

आता सुतार येऊन गेला. त्यानं खाचांत बोट घातलं आणि विचारलं, "हे कोणी केलं?" खरंच सांगते, इतकं बरं वाटलं! उपाय त्याच्याकडे आहे: प्रत्येक कापलेल्या कडीला तेवढ्याच उंचीची नवी कडी चिकटवून, बोल्ट मारून जोड द्यायची, टेकूपासून टेकूपर्यंत. पण नवी कडी बसवायची तर तिथून पाईप हलवावा लागेल, आणि पाईपाला तो हात लावणार नाही, ते प्लंबरचं काम. प्लंबर म्हणतो, लाकडाचा प्रश्न सुताराचा, पाईप गळत असेल तर सांगा. पाईप गळत नाही. जमीन तेवढी पायाखाली लवते. लवणं कोणाच्या खात्यात येतं, हे दोघांनाही माहीत नाही.

प्लंबरच्या हिशेबात मात्र एक स्वतंत्र ओळ आहे: "कडी कापणे, नग 3". तेवढी ओळ खोडून मी बाकीचे पैसे पाठवलेत. त्याचा फोन आला होता, साहेबांना द्या म्हणून. साहेब आंघोळीला गेलेत, असं सांगितलं. खालच्या बाथरूममध्ये.