खुलासा: आरन रॉजर्सने संघासाठी खरंच काहीच सोडलं नाही?

‘अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू) आरन रॉजर्स स्वार्थी आहे, संघासाठी त्याने कधी एक डॉलरही सोडला नाही’ हा दावा फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

एप्रिल २०२३ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने त्याला न्यूयॉर्क जेट्सकडे दिलं. जुन्या करारानुसार पुढच्या दोन वर्षांचे जवळपास ११ कोटी डॉलर पक्के होते. जुलैमध्ये त्याने ७.५ कोटींचा नवा करार केला, म्हणजे साधारण ३.५ कोटींवर पाणी सोडलं. नेहमीच्या ‘रीस्ट्रक्चर’मध्ये खेळाडूचं काहीच जात नाही. पगाराचा बोनस होतो, पैसे उलट लवकर हातात पडतात; फक्त पगारमर्यादेच्या (संघाला वर्षभरात खेळाडूंवर किती खर्च करता येईल याची लीगने घातलेली मर्यादा) हिशेबात ती रक्कम जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरते. इथे रक्कमच घटली. हा फरक दावा करणाऱ्यांनी पाहिलेलाच नाही.

‘जाताना ग्रीन बेवर ४ कोटींचा बोजा टाकला’ हेही अर्धवट आहे. आकडा बरोबर, पण तो आधीच दिलेल्या बोनसचा. खेळाडू गेला की पुढे ढकललेले हप्ते पगारमर्यादेच्या हिशेबात एकदम अंगावर येतात, आणि ते पाडले जातात बोनस दिला त्या वर्षी संघाला मोकळीक मिळावी म्हणून.

टीकेला जागा आहे ती वेगळीकडे. ऑगस्ट २०२१ मध्ये कोविडच्या लसीबद्दल विचारल्यावर, लस घेतलेली नसताना, त्याने ‘इम्युनाइज्ड’ (प्रतिकारशक्ती मिळालेला) म्हणून वेळ मारून नेली. नोव्हेंबरमध्ये कोविड झाला, सामना हुकला आणि १४,६५० डॉलर दंड बसला. जून २०२४ मध्ये जेट्सचं सक्तीचं शिबिरही त्याने चुकवलं.