क्षमता वाढवून मिळेल. येताना क्षमतेचा दाखला आणावा

समजा तुम्ही अमेरिकेत आहात, आयटीत आहात, ग्रीन कार्ड हातात पडलंय, पोरगी कुमॉनच्या शिकवणीला जाते. एके दिवशी कंपनीच्या फाउंडेशनकडून मेल येतो: आमच्या अनुदान समितीवर काम कराल का? वर्षाला चार मीटिंगा, वर लिंक्डइनवर लिहायला एक ओळ. तुम्ही हो म्हणता. कोण नाही म्हणेल? मग पहिला गठ्ठा समोर येतो. लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या लोकांच्या, वस्त्यांतल्या छोट्या संस्थांना ‘कपॅसिटी बिल्डिंग’साठी, म्हणजे क्षमताबांधणीसाठी, प्रत्येकी 15,000 डॉलर. घोषणा झालीय, फोटो काढून झालेत, केकसुद्धा खाऊन झालाय. आता अडचण एकच. हे पैसे त्या संस्थांपर्यंत पोचू कसे द्यायचे नाहीत?

काळजी नको. मी सांगते. गेल्या महिन्यात या शास्त्राचं माझं पूर्ण शिक्षण झालं, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून.

मी मूळची तासगावची, बेदाण्याच्या गावची. नशिबाची थट्टा बघा, लग्न करून येऊन पडले कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोला, म्हणजे पुन्हा बेदाण्यातच. आपल्याकडे द्राक्षं शेडमध्ये जाळ्यांवर वाळतात. इथे बागेतल्या दोन ओळींच्या मध्ये कागद अंथरून त्यावर, जमिनीलगत, ऐन ऑगस्ट-सप्टेंबरच्या उन्हात. ती वाकून पसरणारी माणसं बहुतेक मेक्सिकोची, त्यातली बरीच वाहाका राज्यातली. त्यातल्या कितीतरी घरांत स्पॅनिशसुद्धा बोलत नाहीत, मिस्तेको ही तिथली मूळनिवासींची भाषा बोलतात. एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये त्यांच्यासाठी एक संस्था चालते. तिचे हिशेब मी सहा वर्षं फुकट बघतेय. संस्था चालवणाऱ्या बाईंना सगळे ‘माएस्त्रा’ म्हणतात, अगदी आपण शाळेतल्या बाईंना ‘बाई’ म्हणतो तसं. मी ‘ला कोंतादोरा’, हिशेबवाली. किरकोळ खर्चाच्या पावत्या बिस्किटांच्या निळ्या गोल डब्यात असतात. हो, तोच डबा, ज्यात माझ्या आईनं सुई-दोरा ठेवला आणि माएस्त्राच्या आईनंही.

तर, सूचना.

एक. अर्जाची शेवटची तारीख 15 एप्रिल ठेवा. त्याच दिवशी इथे इन्कम टॅक्स भरायची मुदत संपते आणि असल्या प्रत्येक संस्थेचा हॉल रात्री अकरापर्यंत भरलेला असतो. सोशल सिक्युरिटी नंबर नाही म्हणून आयटिन नंबर काढून टॅक्स भरणारे मजूर रांगेत उभे असतात. तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘हे लोक टॅक्स भरत नाहीत’ असं कोण ते लिहितो ना, तेच लोक.

दोन. अर्जात 46 प्रश्न ठेवा आणि प्रत्येक उत्तराला 500 अक्षरांची मर्यादा, मधल्या मोकळ्या जागा धरून. पोर्टलबद्दल काही बोलत नाही. ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे.

तीन. तीन वर्षांची ऑडिटेड स्टेटमेंट मागा. वर्षाला साधारण 50,000 डॉलरच्या आत जमा असलेल्या संस्थेकडून आयआरएसला, म्हणजे इथल्या इन्कम टॅक्स खात्याला, 990-एन नावाचं एक ई-पोस्टकार्ड पुरतं. आमच्यासारखी थोडी मोठी असेल तर 990-ईझेड. कॅलिफोर्नियाचा 2004चा कायदा ऑडिटची सक्ती करतो ती वर्षाला 20 लाख डॉलरच्या वर गेलेल्या संस्थांना. पण आयआरएसचं आणि राज्याचं भागतं म्हणून तुमचं भागलंच पाहिजे असं थोडंच आहे? आमच्यासाठी आलेलं सगळ्यात स्वस्त कोटेशन 11,000 डॉलरचं होतं, तेही एका वर्षाच्या ऑडिटचं. अनुदान 15,000. आणि खाली बारीक अक्षरात: ऑडिटचा खर्च या अनुदानातून करता येणार नाही.

चार. शब्दांचा खेळ खेळा. काही वर्षांपूर्वी सगळ्या अर्जांत ‘लॅटिनएक्स’ लिहावं लागायचं, म्हणजे बाई-पुरुष भेद न करता ‘लॅटिनो’. प्यू रिसर्च या सर्वेक्षण संस्थेनं 2020 साली विचारून पाहिलं, तर ज्यांच्यासाठी तो शब्द काढला त्यांच्यात तो स्वतःसाठी वापरणारे शंभरात तीन निघाले. माएस्त्रानं मला विचारलं होतं, हे कशावरचं औषध आहे? आता वारं फिरलंय. 2025च्या जानेवारीत केंद्र सरकारनं एका मेमोनं अनुदानं गोठवली, दोन दिवसांत तो मेमो मागेही घेतला, पण खासगी फाउंडेशनांच्या वकिलांची झोप उडाली ती उडालीच. म्हणून यंदाच्या अर्जाच्या मथळ्यात ‘लॅटिनो संस्थांसाठी’ आणि आतल्या सूचनांत ‘कोणत्याही विशिष्ट वंशगटाचा उल्लेख टाळावा’. मी ‘या भागातील रहिवासी’ असं सतरा वेळा लिहिलं. मिस्तेको बोलणारे रहिवासी म्हणू का, असं फोन करून विचारलं. कायदा विभागाला विचारून सांगतो म्हणाले. विचारतायत अजून.

पाच. फोटोला सप्टेंबरातच या. हिस्पॅनिक हेरिटेज मंथ, लॅटिनो वारशाचा महिना, 15 सप्टेंबरला सुरू होतो, कारण मध्य अमेरिकेतल्या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन त्या तारखेला. इथे तेव्हा बेदाण्याचा हंगाम टिपेला असतो हे तुम्हाला कोण सांगणार? घेरदार झगे घालून नाचणाऱ्या बायका दिसल्या नाहीत म्हणून नाराज होऊ नका. त्या शेतात आहेत.

सहा. आता खरी मेख. पैसे कशावर खर्च करता येणार नाहीत, याची यादी नीट करा. पगार नाही. भाडं नाही. वाहन नाही. यंत्रसामग्री नाही. जेवण तर नाहीच नाही. मग चालेल काय? स्ट्रॅटेजिक प्लॅन, नवा लोगो, संचालक मंडळाचं रिट्रीट, ‘थिअरी ऑफ चेंज’, आणि हे सगळं करून देणारा सल्लागार, तोही तुमच्या मंजूर यादीतला, तासाला 200 डॉलर घेणारा.

आम्हाला दोन वर्षांपूर्वी असलं एक मिळालं होतं. सल्लागारबाई विमानानं आल्या. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या आणि विचारलं, तुमची संस्था प्राणी असती तर कोणता असती? सगळे गप्प. माएस्त्रा म्हणाली, ‘बुर्रो.’ गाढव. सल्लागारबाईंनी चिठ्ठीवर गाढव लिहिलं आणि शेजारी बदाम काढला. दीड महिन्यानं 38 पानांची पीडीएफ आली, इंग्रजीत. संचालक मंडळातल्या सातपैकी चार जणांना ती वाचता येत नाही. मी छापून द्यायला गेले तर कॉपी मशीन अडकलं.

त्या मशीनबद्दल सांगते. त्याचा दुसऱ्या क्रमांकाचा ट्रे अर्धा बाहेर ओढून डाव्या बाजूला तळहातानं एक थाप द्यावी लागते, मग चार पानं निघतात, पाचवं अडकतं. आयटिनचा डब्ल्यू-7 अर्ज, त्याला जोडायचे कागद, शाळेचे दाखले, सगळं त्याच्यावर. टॅक्सच्या दिवसांत एक पोरगा फक्त थाप मारायला बसवतो आम्ही. नवं मशीन म्हणजे ‘यंत्रसामग्री’, ते क्षमतेत बसत नाही. आणि आमच्याकडे एक बाई आहे, तिला मिस्तेको, स्पॅनिश आणि कामापुरतं इंग्रजी, तिन्ही येतं. दिवसभर द्राक्षं तोडून संध्याकाळी येते, बायकांना दवाखान्याचे कागद समजावते, फुकट. तिला आठवड्याला वीस तासांचा पगार देता आला असता तर संस्थेचं काम दुप्पट झालं असतं. पण तो ‘पगार’ झाला. चालत नाही. मग क्षमता क्षमता म्हणतात ती नक्की काय असते हो? तीन भाषा येणारी बाई ही क्षमता नाही, आणि गाढवाशेजारचा बदाम ही क्षमता? केंद्र सरकारसारख्या खडूस मालकानंसुद्धा वरखर्चाची सरसकट मुभा ऑक्टोबर 2024पासून दहा टक्क्यांवरून पंधरा टक्क्यांवर नेली. तुमच्या अर्जात त्या रकान्यात आधीच शून्य छापलेलं होतं, आणि ते खोडता येत नव्हतं, मी प्रयत्न केला!

आणि अनुभव मागता, ‘ट्रॅक रेकॉर्ड’ मागता. 1968 साली फोर्ड फाउंडेशननं सॅन अँटोनियोत मालडेफ, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकनांच्या हक्कांसाठी कोर्टात लढणारी संस्था, उभं करायला 22 लाख डॉलर दिले. कुठलं ट्रॅक रेकॉर्ड बघून? संस्थाच नवी होती. त्याच वर्षी अॅरिझोनात जी परिषद त्यांच्याच पैशावर उभी राहिली, ती आज युनिडॉसयूएस म्हणून देशभर लॅटिनोंसाठी काम करते. मालडेफनं पुढे टेक्ससमधल्या कागदपत्रं नसलेल्या मुलांची बाजू लढवली आणि 1982 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, या मुलांना सरकारी शाळेतून बाहेर ठेवता येणार नाही. आमच्या हॉलमध्ये थाप मारायला बसणारा पोरगा त्या निकालामुळे शाळेत आहे. 1968च्या त्या समितीवर तुम्ही असतात तर तीन वर्षांची ऑडिट मागितली असतीत.

सात, की आठ? असू दे. झूम मुलाखत मंगळवारी सकाळी दहाला ठेवा.

त्या मुलाखतीला मीही होते. समितीत पाच चेहरे. त्यातल्या एका चौकटीखालचं आडनाव वाचलं आणि मला, खरं सांगते, हायसं वाटलं. आपला माणूस. त्यानं लगेच चॅटमध्ये मला एकटीला लिहिलं: ‘अरे वा, तासगाव! माझी मावशी विट्याची.’ मी हसरा चेहरा पाठवला. मग त्याची प्रश्न विचारायची पाळी आली. त्यानं माएस्त्राला विचारलं, तुमचं मॉडेल स्केलेबल आहे का? मी भाषांतर केलं. ‘स्केलेबल’ म्हणजे कितीही वाढवता येण्याजोगं, पण ते स्पॅनिशमध्ये मला धड सांगता येईना. माएस्त्रानं थोडा विचार केला आणि म्हणाली, शनिवारी जास्त खुर्च्या मांडतो आम्ही.

तो हसला. माइक चालू होता.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. ‘आपल्या संस्थेची सध्याची क्षमता हे अनुदान सामावून घेण्यास पुरेशी नसल्याचे समितीचे मत झाले.’ क्षमता वाढवायचं अनुदान, क्षमता कमी म्हणून नाकारलं. मी ते वाक्य तीनदा वाचलं. माएस्त्राला भाषांतर करून सांगताना मधलं एक वाक्य गाळलं, ते कुठलं ते तुम्हाला कळेल. पत्राखाली एका वेबिनारचं आमंत्रणही होतं: ‘यशस्वी अर्ज कसा लिहावा’, फी 75 डॉलर.

आता सूचना वगैरे पुरे. ओ विट्याच्या मावशीचे भाचे, तुमच्याशीच बोलतेय मी.

तुमच्या मंडळाच्या गणपतीचा हिशेब कसा असतो ते मला माहीत आहे, कारण इथल्या आमच्या मंडळाचाही मीच करते. मोदकांचे पैसे एकाच्या व्हेन्मो अॅपवर, हॉलचं डिपॉझिट दुसऱ्याच्या कार्डावर, आणि ढोलांचे कुठून आले ते बाप्पालाच ठाऊक. लॉजिक मॉडेल आहे का तुमच्या आरतीचं? स्केलेबल आहे का तुमची ढोलपथकाची प्रॅक्टिस? वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे शंभर वर्षांपूर्वी मेक्सिकोत गेले आणि तिथल्या शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. त्यांचा फोटो तुम्हीच मागे ग्रुपवर फॉरवर्ड केला असेल, ‘अभिमान’ असं लिहून. आणि त्याच शेतकऱ्यांची नातवंडं-पतवंडं समोर बसली, तर तुम्हाला हसू आलं?

तुम्ही ज्या देशात राहता तिथे 2020च्या जनगणनेत 6 कोटी 21 लाख लॅटिनो होते, जवळजवळ पाचात एक. आणि फाउंडेशनांच्या पैशातला त्यांच्यासाठी म्हणून राखलेला वाटा? फाउंडेशन सेंटर आणि ‘हिस्पॅनिक्स इन फिलँथ्रॉपी’ यांनी 2011 साली आधीच्या दहा वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा तो एक टक्क्याच्या आसपास होता. त्या एक टक्क्यातून आमच्यासारख्यांना 15,000 मिळणार होते, तेही तुम्ही अडवून धरलेत, कारण एका बाईला ‘स्केलेबल’ कळलं नाही. तुम्हाला कळलं तिचं काम? एकदा तरी आलात? फ्रेझ्नो तुमच्यापासून गाडीनं तीन तास. नापाला जाता तेव्हा लांब वाटत नाही ते. वाइन पिता ती कोणी तोडलेल्या द्राक्षांची?

लाज वाटू द्या थोडी. आणि पुढच्या वेळी समितीत बसाल तेव्हा एकच करा: ‘पैसे कशासाठी’ हा रकाना संस्थेला भरू द्या. मशीन म्हणाले तर मशीन. पगार म्हणाले तर पगार. त्यांना काय लागतं ते त्यांना कळतं. वीस वर्षं चालवतायत ते.

मशीनवाला शुक्रवारी येणार आहे. 340 डॉलर सांगितलेत, रोलर बदलायचे. माएस्त्रानं निळ्या डब्यातून 120 काढून पाकिटात घालून ठेवलेत, वर पेन्सिलीनं लिहिलंय ‘कोपियादोरा’.