‘मानसिक स्थिती : सामान्य’

आज दुपारी आत्याच्या खाटेला अडकवलेली फाईल मी सहज उघडली, आणि तेव्हापासून डोक्यात जी तिडीक गेली आहे ती रात्र झाली तरी उतरलेली नाही. आत्या ६८ वर्षांची आहे. परवा न्हाणीघरात पाय घसरून तिच्या खुब्याचे हाड मोडले आणि काल शस्त्रक्रिया झाली. भरती करून घेताना सिस्टरांनी भरायचा जो फॉर्म असतो, तो या रुग्णालयात चार पानांचा आहे. वेदना शून्य ते दहापैकी किती, खाटेवरून पडण्याचा धोका किती, पाठीला जखमा होण्याची शक्यता किती, ॲलर्जी कशाची, कवळी आहे का, अंगावर दागिने कोणते, हे सारे त्यात बारकाईने विचारलेले आहे आणि नीट भरलेलेही आहे. मनासाठी मात्र चार पानांत एकच ओळ आहे : ‘मानसिक स्थिती : सामान्य’. त्या ओळीपुढची बरोबरची खूण पेनाने केलेली नाही. ती फॉर्मबरोबर छापूनच आली आहे.

म्हणजे त्या खाटेवर कोणीही येवो, त्याचे मन ठीक असल्याचे छापखान्यातच ठरून गेले आहे. आत्याचे यजमान जाऊन अजून तीन महिनेही झालेले नाहीत. गेला महिनाभर ती दिवसातून एकदाच आणि जेमतेम जेवते आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री ती मला म्हणाली, “हे हाड जोडून आता कुणासाठी चालायचं गं?” हे वाक्य त्या फाईलमध्ये कुठेही नाही, कारण तिला कुणी काही विचारलेलेच नाही.

बाबांचे २०१७ मधले आजारपण तुमच्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले आहे, पण त्यातली एक गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नव्हती. मधुमेहामुळे त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि ते १९ दिवस एका सरकारी रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात होते. त्या वॉर्डात बाबांचे सगळेच कौतुक करत. ते ओरडत नसत, काही मागत नसत, ड्रेसिंगच्या वेळी हूं की चूं करत नसत. “फार सोशिक आहेत तुमचे वडील,” असे डॉक्टर म्हणाले तेव्हा आम्हा भावंडांना अभिमान वाटला होता. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या मुलाची बारावीची परीक्षा होती. बाबांनी मनगटावरचे घड्याळ काढून त्याला देऊन टाकले. आम्हाला तोही त्यांचा दिलदारपणाच वाटला.

तो दिलदारपणा नव्हता, हे फक्त रात्रपाळीच्या सिस्टरांच्या लक्षात आले. रात्री तीनच्या फेरीला हा माणूस रोज भिंतीकडे तोंड करून जागा असतो, डबा जसाच्या तसा परत जातो, आणि आज याच्या हातात घड्याळ नाही, या तीन गोष्टी त्यांनी एकमेकींशी जोडल्या. त्या रात्री त्या खाटेशेजारी स्टूल घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, “काका, गेले पंधरा दिवस कशातच मन लागत नाहीये का? सारखं उदास वाटतं का?” बाबा मान हलवून हो म्हणाले. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, जो विचारण्याचे धाडस आमच्या घरात कुणालाच झाले नव्हते : “जगणं नकोसं वाटतं का?” बाबा त्यालाही हो म्हणाले, आणि पाय कापल्यानंतर पहिल्यांदा रडले.

यात जादू काही नव्हती. उदासीनतेची, म्हणजे डिप्रेशनची, चाचपणी करण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक नऊ प्रश्नांची यादी आहे आणि सिस्टरांचे पहिले दोन प्रश्न त्या यादीतले पहिले दोन आहेत. गेल्या दोन आठवड्यांत असे किती वेळा वाटले, यावर प्रत्येकाला शून्य ते तीन गुण द्यायचे; दोन्हींची बेरीज तीन किंवा अधिक झाली की उरलेले प्रश्न विचारायचे. शेवटचा, नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. पहिल्या दोन प्रश्नांना ब्लडप्रेशर मोजण्याइतकाच वेळ लागतो.

सकाळी त्यांनी हे सारे रिपोर्ट बुकात लिहिले आणि राउंडला तोंडीही सांगितले. त्यावर मिळालेले उत्तर मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे : “पाय गेल्यावर माणूस उदास होणारच, त्यात मानसोपचारवाल्यांना कशाला बोलवायचं?” पाय गेल्यावर दुखणारच म्हणून त्याच डॉक्टरांनी वेदनाशामक इंजेक्शन थांबवले नव्हते. कारण समजले की उपचारांची गरज संपते, हा न्याय फक्त मनालाच का लावायचा? त्या दिवशी वॉर्डच्या परिसेविका, म्हणजे प्रमुख सिस्टर, आपल्या सिस्टरच्या पाठीशी उभ्या राहिल्या, म्हणून दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ आले. त्या गप्प बसल्या असत्या तर पुढे काय झाले असते, याचा विचार मी आजही टाळते.

सर्वसाधारण वॉर्डात गप्प पेशंट हा चांगला पेशंट ठरतो, आणि याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटते. शस्त्रक्रियेनंतर एखादी वृद्ध बाई अचानक शांत होते, दिवसभर गुंगीत पडून राहते, मध्येच भलत्याच नावाने हाक मारते. नातेवाईक म्हणतात दमली आहे, आणि प्रत्यक्षात तिला वात, म्हणजे आजारपणात अचानक येणारा भ्रम (डिलिरियम), झालेला असतो. हाड मोडून आलेला धडधाकट माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरू लागतो, घामाने भिजतो, त्याला अंगावर किडे चालताना दिसतात. घरचे बाहेरची बाधा म्हणून अंगारा आणायला धावतात, आणि खरे कारण एवढेच असते की रोजची दारू एकाएकी बंद झाली आहे. भरतीच्या वेळी नातेवाइकांना बाजूला करून “शेवटची कधी घेतली होती?” असे विचारणारी सिस्टर असेल, तर तो माणूस वाचतो. डॉक्टर दिवसातून दहा मिनिटे खाटेपाशी असतात. उरलेला दिवस आणि अख्खी रात्र जी बाई तिथे असते, तिच्या नजरेला फॉर्मवर जागा ठेवलेली नाही.

आता मला खरोखर राग येतो आहे. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात जाऊन पाहा. कीटकनाशक प्यालेला शेतकरी येतो, त्याचे पोट धुतात, विषावरचा उतारा म्हणून ॲट्रोपीन सुरू करतात, पोलिसांसाठी एमएलसीची (मेडिको-लीगल केसची) नोंद होते, सिस्टर रात्रभर त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या आणि नाडी पाहत जागतात, आणि तो वाचतो. मग कितीदा तरी त्याला डिस्चार्ज कार्डावर विषबाधा एवढाच शब्द लिहून त्याच घरी, त्याच कर्जाकडे पाठवून दिले जाते. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच मानावे आणि त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे, असे त्याचे ११५ वे कलम सांगते. ही जबाबदारी वॉर्डात कुणाच्या हातून पार पडणार आहे? शरीर वाचवणाऱ्या सिस्टरलाच तिथे बसून त्याच्याशी बोलण्याचा अधिकार आणि अर्धा तास मिळायला नको का?

याच कायद्यातली मानसिक आरोग्य परिचारिकेची व्याख्या पाहा. मनोविकार परिचर्येचे वेगळे शिक्षण घेतलेल्या परिचारिकेबरोबर सर्वसाधारण नर्सिंगची मान्यताप्राप्त पदविका किंवा पदवी असलेली परिचारिकाही त्या व्याख्येत बसते. तिच्या अभ्यासक्रमात हा विषय असतो, तिची मनोरुग्णालयात पोस्टिंग झालेली असते. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन उदासीनतेच्या पेशंटांशी बोलायला बसवले, त्यालाही आता पंधरा वर्षे उलटली. मग तीन-चार वर्षे शिकून आलेल्या परिचारिकेला दोन प्रश्न विचारता येणार नाहीत, असे म्हणणाऱ्यांना नेमके काय म्हणायचे असते?

सिस्टरांवर आधीच कामाचा डोंगर आहे, हे मला मान्य करावेच लागते. बाबांच्या वॉर्डात रात्री चाळीसहून अधिक पेशंटांमागे दोन सिस्टर असत, आणि भारतीय परिचर्या परिषदेने सांगितलेले पाच पेशंटांमागे एक परिचारिका हे प्रमाण मी तरी कुठल्या सरकारी वॉर्डात पाहिलेले नाही. विचारून झाल्यावर पुढे पाठवायला कुणीच नसेल तर नुसत्या प्रश्नांचा उपयोग नाही, हेही खरे आहे. पण निदान डिस्चार्ज कार्डावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक लिहिता येतो, २०२२ पासून तो चालू आहे. आणि विचारल्यामुळे माणसाच्या डोक्यात नको तो विचार शिरेल, ही भीती तर सोडूनच द्या. बाबांच्या डोक्यात तो विचार कितीतरी रात्री आधीच होता. विचारल्यावर तो एकदाचा बाहेर आला.

हे सगळे मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहीत आहे. रात्रपाळीच्या सिस्टर आल्यावर मी त्यांना ती छापील खूण दाखवली आणि बाबांची हकीकत सांगितली. माझ्या आवाजात नको इतकी धार होती, याचे आता वाईट वाटते, कारण त्या मुलीने फॉर्म छापलेला नाही. ती जेमतेम पंचविशीची असेल. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “ताई, माझ्याकडे २२ बेड आहेत. साडेनऊची औषधं झाली की येते. तुम्ही तेव्हा बाहेर थांबा, त्या तुमच्यासमोर बोलणार नाहीत.”

सव्वादहाला ती खरोखर आली. खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतल्याचा आवाज मला इथवर आला. आता अकराला दहा कमी आहेत. ती नुकतीच बाहेर आली आणि टेबलाशी उभी राहून फाईलमध्ये बराच वेळ लिहीत होती. काय लिहिले ते मी विचारले नाही. सकाळी आठला राउंड आहे, तेव्हा आपली ड्यूटी संपली तरी आपण थांबू, असे ती म्हणाली. मीही आत्याच्या खाटेपाशी असेन.